चिठ्ठी पांडुरंगापुढे ठेवावी काय?

२०२५ च्या श्रावणात इंदापूर तालुक्यातील एका गावी सप्ताहानिमित्त आमचे जाणे झाले. गाव नीरा डाव्या कालव्याच्या अगदी टोकाकडचे. सहाव्या दिवशी काकडा आटोपून आम्ही ओसरीवर टेकतो न टेकतो तोच एक माळकरी गृहस्थ, त्यांची मंडळी आणि नुकतीच बारावी झालेली मुलगी असे तिघे दर्शनास आले. गृहस्थांनी खिशातून घडी केलेल्या तीन चिठ्ठ्या काढून आमच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "म्हाराज, पोरीला तीन ठिकाणी लागलंय. पुण्याला इंजिनेरिंग, माळेगावला शेतकी, आन् बारामतीला टी. सी. कालेजात बी. एस्सी. आमची मती चालंना. ह्या चिठ्ठ्या इठ्ठलाच्या पायावर ठेवा आन् एक तुमच्या हातानं उचला. जी निघंल ती पांडुरंगाची आज्ञा."

चिठ्ठ्या आम्ही उचलल्या नाहीत. का उचलल्या नाहीत हे त्या गडबडीत नीट सांगता आले नाही. शिवाय हा प्रश्न हल्ली ज्या गावी जावे त्या गावी पुढे येतो. म्हणून येथे लिहीत आहोत.

आमच्या वडिलांच्या पिढीस ही अडचण ठाऊकच नव्हती. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले ते १९६२ साली. त्यापूर्वी ज्याला शिकायचे त्याने पुणे गाठावे, नाही तर औत धरावे. पुढे १९७२ साली विद्या प्रतिष्ठान उभे राहिले, माळेगावी शेतकी शिक्षण आले, आणि २०१९ पासून तर बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू आहे. ज्या गावी मोरोपंतांनी आर्या रचल्या त्या गावी आज चारही दिशांना विद्येची दारे उघडी आहेत. मुलींची वाट तर आणखी मोकळी झाली. ठरावीक प्रवर्गांतील ज्या घरांचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्या घरच्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले. वसतिगृह आणि खाणावळ यांचा खर्च राहतोच. तो लहान नाही. तरी पूर्वी "पैसा नाही" म्हटले की प्रश्न मिटत असे, तो आता तसा मिटत नाही. दार एकच असते तेव्हा मनुष्य नशिबाला बोल लावून मोकळा होतो. दारे तीन झाली की त्याला स्वतःचे मन विचारावे लागते, आणि ते विचारण्याची आपल्याला सवय नाही.

आता कोणी भाविक म्हणेल, "महाराज, वारकऱ्याने देवावर भार टाकला तर त्यात चुकले काय?" प्रश्न रास्त आहे, आणि याचे उत्तर आम्ही ग्रंथातून शिकण्याआधी आमच्याच चुकीतून शिकलो. वीसेक वर्षांमागे अशाच एका सप्ताहात, अशाच एका मुलासाठी आम्ही चिठ्ठी उचलली होती. मोठ्या आनंदाने उचलली, हेही कबूल करतो. मांडवात चार लोक पाहत होते आणि आपल्या हाताला काही पुण्याई आहे असे तेव्हा आम्हांस वाटे. चिठ्ठीत दूरच्या शहरातले एक महाविद्यालय निघाले. मुलगा गेला, दुसऱ्याच वर्षी सोडून घरी आला. पुढे एकदा भेटला तेव्हा आम्ही विचारले, "बाळ, असे का झाले?" तो म्हणाला, "मला कुठं जायचं होतं? चिठ्ठीत निघालं म्हणून गेलो." बाप म्हणे देवाची मर्जी, आम्ही म्हणालो प्रारब्ध. त्या पोराच्या दोन वर्षांचा धनी कोणीच झाला नाही. अभ्यास जड जाऊ लागला तेव्हा "हे मी पत्करले आहे" असे स्वतःस सांगून नेट धरावा, तर त्याने काही पत्करलेलेच नव्हते. देवाचे नाव पुढे करून आम्ही तिघांनी अंग काढून घेतले होते, एवढाच त्याचा अर्थ.

गीतेचा अठरावा अध्याय ज्यांनी ऐकला आहे त्यांनी आठवून पाहावे. सगळे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला काय आज्ञा करतात? यावर नीट विचार कर आणि मग स्वतःच्या इच्छेने वाग, असे सांगून निर्णय त्याच्याच हाती परत देतात. शरण येण्याचा उपदेश येतो तो त्यानंतर तीन श्लोकांनी. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. विचार न करताच शरण जाणे म्हणजे शरणागती नव्हे. तो आळस झाला, भले त्याच्या कपाळी बुक्का असो. कठोपनिषदातील नचिकेत तर वयाने पोरच. यमाने त्याच्यापुढे हत्ती, घोडे, राज्य, दीर्घायुष्य, काय काय मांडले! पण त्याने "यातले मी काय घेऊ?" असे यमालाच विचारले नाही. आपल्याला कशाची भूक आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याला नाही म्हणता आले. श्रेय आणि प्रेय यांवर आमचे पुष्कळ निरूपण होते, पण आम्ही कीर्तनकार मंडळी बहुधा प्रेय म्हणजे पैसा एवढेच सांगून पुढे जातो. शेजाऱ्याने वाहवा करावी म्हणून घेतलेली विद्या हीही प्रेयच.

असो. चिठ्ठ्या आम्ही परत दिल्या तेव्हा गृहस्थ हिरमुसले. क्षणभराने म्हणाले, "मग आसं करतो. पुण्याची जागा घिऊन ठिवलीच हाय, शेतकीचीबी ठिवतो. गणपतीपतूर बघू. मुदतीत रद्द क्येलं तर पैसं माघारी मिळत्यात म्हनं."

हे मात्र आम्हांस पहिल्यापेक्षा अधिक टोचले. चिठ्ठीत अज्ञान होते, यात दुसऱ्याच्या ताटाचा प्रश्न होता. केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या मोजक्या असतात. फेरी चालू असता जागा सुटली तर ती खालच्या क्रमांकाच्या मुलाकडे सरकते. शेवटची फेरी उलटल्यावर सुटली तर त्या वाटेने ती कोणालाच मिळत नाही, कित्येकदा रिकामीच राहते. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "माउली, तुमची पाळी आली आणि वरच्या गावाने फाट्याचे दार उचलूनच ठेवले, तर काय होते?"

टेलच्या शेतकऱ्याला हे आणखी समजावून सांगावे लागत नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "उभा ऊस वाळतो, म्हाराज," म्हणाले, आणि गप्प झाले.

मग आम्ही मुलीकडे वळलो. इतका वेळ तिला कोणी काही विचारलेच नव्हते, आम्हीही नाही. "पोरी, तुला काय वाटते?" ती आधी आईकडे पाहू लागली. आई म्हणाली, "बारामतीला खोली करून ऱ्हाईल, दर शनवारी यष्टीनं घरी यील, आसं मला वाटतंय. पन तू बोल." तेव्हा ती बोलली. घरची दीड एकर जमीन पाण्याने आणि खताने चोपण झाली आहे, ऊस पूर्वीच्या निम्मा येत नाही. माळेगावला केंद्र सरकारची एक संशोधन संस्था २००९ पासून आहे. क्षार, दुष्काळ, उष्णता यांचा पिकांवर जो ताण पडतो त्याचा तेथे अभ्यास होतो. शाळेच्या सहलीत तिने ती पाहिली होती. "मला त्या मातीचं शिकायचंय," ती म्हणाली. "पुण्याचं नाव भरलं ते सगळे भरत होते म्हणून."

खरे सांगावयाचे तर आमच्या मनात पुणेच होते. १८५४ पासूनचे ते विद्यालय. अशी जागा हाती आलेली सोडावी, हे आमच्यासारख्या जुन्या माणसाच्या जिवावर येते. दोनदा तोंडाशी आलेले शब्द आम्ही गिळले. फक्त इतके विचारले, "उद्या मैत्रिणी पुण्याहून मोठ्या पगाराच्या गोष्टी सांगतील, तेव्हा?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाईट वाटंल. पण मीच घेतलंय म्हणल्यावर कोणावर रुसणार?"

त्याच दुपारी बापलेक इंदापूरला गेली आणि सेवा केंद्रात बसून पुण्याचा प्रवेश रद्द केला. टी. सी. ला फोन करून कळवले. काल्याच्या दिवशी गृहस्थ लाही-दह्याचा प्रसाद वाटताना दिसले. त्या तीन चिठ्ठ्या आमच्या ओसरीवरच राहिल्या होत्या. मंडप सोडताना कोणी तरी केराबरोबर त्या लोटून नेल्या.