बंद घरांची मांजरं

गणपतींचं विसर्जन झालं, की महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतली कितीतरी घरं पुन्हा कुलूपबंद होतात. चाकरमानी मुंबई-ठाण्याला, सुरतेला परततात. सामान गाडीत चढतं, मुलं चढतात, परसातले भोपळे आणि तांदळाची गोणही चढते. मांजर मागे राहतं. सुट्टीभर मुलांनी लाडावून माणसाळवलेलं ते पिल्लू बंद दारापुढे ओरडत बसतं आणि मग ज्या घराच्या चुलीचा धूर अजून निघतो, त्या घराच्या मागच्या पडवीत जातं. त्या घरात आधीपासूनच एक मांजर असतं. मग प्रश्न पडतो, वरवर अगदी घरगुती वाटणारा: या पाहुण्याला घास घालायचा, की हाकलून लावायचं?

मऊ काळजाच्या एखाद्या बाईची हौस, एवढंच म्हणून या प्रश्नाकडे पाहिलं जातं. “काकू, तुम्ही घालता म्हणून ती येतात,” असं शेजारी म्हणतात आणि विषय मिटवतात. मला तो मिटलेला वाटत नाही. आमच्याकडचं भटकं मांजर पुष्कळदा कुणीतरी सोडून गेलेलं असतं, नाहीतर सोडून दिलेल्या भाटीच्या पोटचं असतं. गाव सोडून जाणाऱ्यांनी टाकलेला हा भार मागे राहिलेली माणसं, बहुधा साठी ओलांडलेल्या बायका, आपल्या ताटातून उचलत असतात. त्यांना दोष देणं अन्यायाचं आहे आणि त्यांचं नुसतं कौतुक करून थांबणंही पुरेसं नाही. माझं म्हणणं असं आहे: घास जरूर घालावा, पण तो नेमाने घालायला लागलो की त्या मांजराच्या पुढच्या पिढीचा निर्णयही आपल्याकडे आला, हे ओळखून घालावा. आणि हा निर्णय एकट्या घराच्या अंगावर टाकू नये, तो गावाने पेलावा.

“घालूच नका, आपोआप निघून जातील,” हा सल्ला पहिल्यांदा तपासू. महाडच्या मासळी बाजारात खवले, मुंडकी, आतडी रोज पडतात. महामार्गालगत ढाबे आणि चिकनची दुकानं आहेत. मांजराचं पोट आपल्या उष्ट्यावर भरतंच आहे, फक्त ते कुणाच्या हिशेबात नाही. हे नातं फार जुनंही आहे. माणसाने धान्य साठवलं, धान्यावर उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं आहे. आपल्या पंचबलीत गाय, कुत्रा, कावळा, मुंगी यांचा वाटा काढून ठेवलेला आहे, मांजराचा नाही. त्याला वेगळा वाटा लागतच नसावा, कारण भाताच्या कणगीभोवती ते आपली मजुरी स्वतः वसूल करत होतं. आता शेतं ओसाड पडली, कणग्या गेल्या, तांदूळ रेशनच्या किंवा दुकानाच्या पिशवीतून येऊन प्लास्टिकच्या पिंपात बंद झाला. मांजराचं काम आपण संपवलं, पण मांजर उरलं. अशा जनावराला ‘निसर्गाने त्याचं पाहावं’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ते रानातलं नाहीच. पोलादपूरच्या डोंगरातली वाघाटी किंवा रानमांजर आपल्या दारी घास मागायला येत नाही.

पण घास घालण्याने काय घडतं, तेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. भाटी सहा महिन्यांच्या आसपास, कधी त्याआधीही, माजावर येते. साधारण नऊ आठवड्यांत विते. आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. आपल्या उबदार हवेत हे चक्र वर्षभर थांबत नाही. उपाशी भाटीला पिल्लं कमी होतात, होतात तीही जगत नाहीत. तिला रोजचा घास मिळाला, की ती धष्टपुष्ट होते आणि पडवीत एकाच्या जागी पाच तोंडं दिसू लागतात. त्या पाचांचं पुढे काय होतं? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या भटक्या मांजरांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात चारांतली तीन पिल्लं सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली होती. आपल्याकडे असं कुणी मोजलं नसेल, पण श्रावणातल्या पावसात पागोळ्यांखाली बसलेली, डोळे चिपडांनी चिकटलेली, नाक वाहणारी पिल्लं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. श्वास घेताना त्यांच्या बरगड्या दिसतात. पुढ्यात ठेवलेल्या माशाचा वास त्यांना येत नाही, म्हणून ती खात नाहीत. घास घालायचा आणि नसबंदी करायची नाही, म्हणजे दर काही महिन्यांनी हे मरण नव्याने जन्माला घालायचं. दयेच्या पोटी हे घडतं म्हणून त्यातलं दुःख कमी होत नाही.

दुसरी बाजू घरच्या मांजराची. त्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, त्यामुळे पहिलं कर्तव्य त्याच्याशी आहे. परका बोका पडवीत आला की घरचं मांजर खिडकीच्या गजाशी ताठ बसतं. शेपूट फुगते, घशातून लांबलचक गुरगुर निघते. बाहेर जाता येत नाही, तेव्हा ते वळून घरातल्या दुसऱ्या मांजराला किंवा आपल्या पोटरीला ओरबाडतं. दाराच्या चौकटीवर, गादीवर मूत्राचे फवारे मारतं. लोक त्याला ‘बिघडलं’ म्हणून मारतात, खरं तर ते घाबरलेलं असतं. मांजर कुत्र्यासारखं कळपात जेवणारं जनावर नव्हे. ते एकट्याने शिकार करतं आणि एकट्याने खातं, त्यामुळे दोघांना शेजारी वाट्या मांडून ‘ओळख’ करून देण्याने भांडणच वाढतं.

त्यात रोग आहेत. बोक्यांच्या मारामारीत चाव्यातून एका विषाणूची लागण होते आणि त्याने मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू खचते. एकाच वाटीत खाण्यातून, एकमेकांना चाटण्यातून रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू पसरतो. पॅनल्यूकोपेनिया पिल्लांना दोन-चार दिवसांत संपवतो आणि त्याचा विषाणू जमिनीत, भांड्यांवर, चपलेच्या तळाला महिनोन्महिने तग धरतो. रेबीज मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसालाही. चावा किंवा ओरखडा आला, तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याने धुवून लगेच सरकारी रुग्णालय गाठायचं, यात चालढकल नको.

म्हणून पाहुण्याला घास घालणाऱ्या घराचा क्रम ठरलेला असावा. आधी घरच्या मांजराला लस आणि त्याची नसबंदी. मग पाहुण्याची वाटी वेगळी, जागा घरच्या मांजराच्या नजरेआड, शक्य तर घरापासून दूर, परसाच्या टोकाला. वेळ एकच ठेवावी आणि अर्ध्या तासाने उरलेलं उचलून टाकावं. रात्री उष्टं पडून राहिलं की घुशी येतात, कुत्री येतात, आणि डोंगराकडेच्या वाड्यांत कुत्र्यांमागे बिबट्या येतो. दूधभात हा आपला आवडता दानधर्म, पण मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही आणि नुसत्या भातात त्याला हवं ते मिळत नाही. डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं टॉरिन त्याला मासमच्छीतूनच मिळतं. उकडलेल्या मासळीचे काटे काढून ती भातात कालवावी, सुकट द्यायची तर भिजवून तिचं मीठ उतरवावं, आणि कांदा-लसणाचं कालवण अजिबात देऊ नये, ते मांजराला विषासारखं आहे. तापाची पॅरासिटामॉल गोळी तर मांजराचा जीवच घेते.

इथपर्यंतचं घराला जमेल. पुढचं जमत नाही. भाटीला पकडायचं कसं, न्यायचं कुठे, खर्च कुणी करायचा? तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्याची घडी गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी बसवलेली असते. मुंबई-पुण्याच्या महापालिकांनी भटक्या मांजरांच्या नसबंदीचं काम हाती घेतलं आहे. पोलादपूरच्या वाडीतल्या आजीने मांजर पिशवीत घालून एसटीने पनवेल गाठावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. सार्वजनिक व्यवस्था पुरी पडली नाही की एकट्याची दया कुठवर जाते, ते २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या हडपसरमध्ये दिसलं. एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरं असल्याची तक्रार झाली आणि महापालिकेला नोटीस काढावी लागली. तिथे ना माणसांचं भलं झालं, ना मांजरांचं.

कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, भुकेने किंवा तहानेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून जाणं हा गुन्हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी वस्तीतल्या बेवारस जनावरांना ‘सामुदायिक प्राणी’ मानलं आणि त्यांना खाऊ घालण्याची नीट सोय लावण्याची जबाबदारी रहिवासी संघांवर किंवा स्थानिक संस्थेवर टाकली, तीही खाऊ घालणाऱ्याला सोबत घेऊन. म्हणजे काकूंच्या पडवीतला प्रश्न नियमानेच गावाचा झाला आहे. गाव तो अजून आपला मानत नाही.

नियम असणं आणि तो चालणं यांतलं अंतर महाडला कुणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला जोडून चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, पण तळ्याचं पाणी बंदच राहिलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची माणसं तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही कोर्टातली लढाई १९३७ पर्यंत चालली. माणसाच्या हक्काचा तो लढा आणि मांजराच्या वाटीचा प्रश्न एका मापाने मोजण्याचा विचारही मी करणार नाही. पण त्या तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्या-मांजरांना कुणी अडवत नव्हतं आणि माणसांना अडवत होतं, हे महाडच्या माणसाने विसरू नये. जनावराला पाणी पिऊ देणारा समाज तेवढ्याने न्यायी ठरत नाही. मर्जीवर चालणारी दया कुणाला जवळ करील आणि कुणाला दूर लोटील, याचा नेम नसतो. म्हणून दयेला नियमाचा आणि सगळ्यांनी मिळून उचललेल्या जबाबदारीचा आधार लागतो.

“माणसांचंच धड होत नाही, तिथे मांजरांचं काय घेऊन बसलात?” हा आक्षेप आमच्या भागात हलका नाही. २२ जुलै २०२१ ला तळिये दरडीखाली गेलं, पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरड कोसळली, महाडची बाजारपेठ पुराच्या पाण्यात बुडाली. त्या आठवणी असलेल्या घरांना कुणी प्राणिप्रेमाचे धडे देऊ नयेत. पण पडवीत मांजराला घास घालणारी माणसं हीच आहेत, ती कुणी वेगळी सुखवस्तू मंडळी नव्हेत. त्यांचा भार हलका करणं हे माणसांचंच काम आहे. सरडे, पाखरं, खारी मांजरांच्या तोंडी जातात, हा पक्षिप्रेमींचा आक्षेपही खरा आहे, आणि त्यालाही उत्तर नसबंदीचंच आहे. मांजरं कमी होतील, तर पाखरांचीही शिकार कमी होईल.

हे करता येण्यासारखं आहे. आमच्या जवळपास प्रत्येक गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप, पाण्याची टाकी यांसाठी ही मंडळं वर्गणी काढतात आणि कामं तडीस नेतात. त्याच मंडळांनी वर्षातून एकदा, दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की, दोन-तीन गावांत मिळून मांजरांच्या नसबंदीचं आणि लसीचं शिबिर भरवावं. पशुवैद्य बाहेरून आणावा, जागा शाळेची किंवा ग्रामपंचायतीची घ्यावी. कोणती भाटी कुठे विते, कोणता बोका कुठून येतो, हे घास घालणाऱ्या बायकांना तोंडपाठ असतं, त्यांना शिबिराच्या कामात मानाने बोलवावं. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचं टोक किंचित कापतात, त्यामुळे ते पुन्हा पकडलं जात नाही. महाडच्या नगरपालिकेने शहरापुरतं हेच काम आपल्या अंदाजपत्रकात घ्यावं. आणि सुट्टीत पिल्लू पाळणाऱ्या प्रत्येक घराने परत जाण्याआधी एवढं ठरवावं, की ते सोबत न्यायचं, किंवा शेजारणीला विचारून, तिच्या हाती त्याचा खर्च देऊन ठेवायचं. न विचारता टाकलेला भार म्हातारीच्या भलेपणावर ढकलायचा आणि वर तिलाच ‘तुम्ही लाडावून ठेवलीत’ म्हणायचं, हे थांबलं पाहिजे. ज्यांची मांजरं आहेत त्यांनी आपला वाटा उचलला, तरच तिने घातलेल्या घासाला अर्थ उरेल.