कर्ता की करण? हवालदाराच्या अधिकाराचा नैतिक विचार

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: कर्माचा आश्रय असलेले अधिष्ठान, कर्म करणारा कर्ता, ज्यांच्या साहाय्याने ते घडते ती करणे म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे व्यापार, आणि पाचवे दैव. यांपैकी कर्ता आणि करण यांतील भेद एरवी सहज ओळखता येतो. सुतार कर्ता, पटाशी करण. परंतु सैन्यासारख्या आज्ञेवर चालणाऱ्या संस्थेत एकाचा निर्णय दुसऱ्याच्या हातून अमलात येतो, त्यामुळे तेथे हुकूम पाळणाऱ्या माणसाला यांपैकी काय म्हणावे हा प्रश्न अवघड होतो, आणि जो हुकूम घेतोही व देतोही अशा नॉन-कमिशन्ड ऑफिसरच्या बाबतीत तो सर्वांत अवघड होतो.

भारतीय पायदळात शिपायाच्या वर लान्स नायक, नायक आणि हवालदार असे तीन हुद्दे येतात व दंडावरील अनुक्रमे एक, दोन आणि तीन फितींवरून ते ओळखले जातात. यांच्याजवळ कमिशन, म्हणजे अधिकारपदाची सनद, नसते. त्यांच्या वरचे नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर म्हणून वेगळ्या वर्गात मोडतात. हवालदार मेजर हा स्वतंत्र हुद्दा नसून हवालदाराकडे सोपवलेली नेमणूक असते. सनद नसलेला हा अधिकारी शिपायांतूनच वर आलेला असतो, म्हणून त्याच्या अधिकाराला कायद्याइतकाच आधार हाताखालच्या जवानांच्या विश्वासाचा असतो.

त्याच्या कामाचे नैतिक स्वरूप हुकुमाच्या प्रवासावरून स्पष्ट होते. अमुक टेकडी पहाटेपूर्वी ताब्यात घ्यावी, असे बटालियनचा प्रमुख ठरवतो. कंपनी कमांडर चढाईची वाट निवडतो. प्लाटूनचा प्रमुख तिच्यातील टप्पे वाटून देतो. येथवर हुकुमात संख्या आणि जागा असतात, माणसांची नावे क्वचितच असतात. सुमारे १० जवानांच्या सेक्शनपर्यंत तो पोहोचला की लाइट मशीनगन कोणत्या दगडाआड लावायची, आधी कोणी धावायचे आणि कोणी मागून गोळीबाराचे संरक्षण द्यायचे, हे सेक्शन कमांडरला नावे घेऊन सांगावे लागते, आणि ज्यांची नावे तो घेतो त्यांच्याबरोबर स्वतःही जावे लागते. सामान्य आज्ञेचे विशिष्ट कृतीत रूपांतर होते ते या ठिकाणी, आणि हे रूपांतर निवड केल्यावाचून होत नाही.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील नायक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला व त्यांच्याखेरीज सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले, ग्रेनेड फेकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता म्हणून आपल्या बंदुकीची नळी धरून दस्त्याच्या प्रहारांनी उरलेल्या दोघांना मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा बळी घेतला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. पदक कधी बंदुकीला दिले जात नाही; ते देणाऱ्या संस्थेने नायक हा कर्ता आहे, हे त्या कृतीनेच मान्य केलेले असते.

हे एकदा मान्य केले की त्याची दुसरी बाजूही स्वीकारावी लागते. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात खुदाई खिदमतगारांच्या आंदोलनाच्या वेळी रॉयल गढवाल रायफल्सचे हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयाने चंद्रसिंहांना जन्मठेप दिली, इतरांनाही कैद झाली, आणि चंद्रसिंहांची सुटका १९४१ मध्ये झाली. या नकारावर सर्वांत गंभीर आक्षेप अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेच घेतला, हे विशेष होय. महात्मा गांधींनी एका फ्रेंच पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीत असे मत मांडले की, हुकूम मोडणारा शिपाई आपली शपथ मोडतो, आणि आज त्याला अवज्ञा शिकवली तर उद्या स्वराज्यातही तो तीच करील.

या आक्षेपात तथ्य आहे. शस्त्रधारी माणसे आपापल्या मर्जीने हुकूम निवडू लागली तर नागरिकांना संरक्षण उरणार नाही. शिवाय हवालदाराच्या नकाराची किंमत त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या जवानांनाही मोजावी लागते. तथापि नकार देणे आणि सत्ता बळकावणे यांत मोठे अंतर आहे. पेशावरच्या गढवाली जवानांनी आपल्या बंदुका अधिकाऱ्यांवर रोखल्या नाहीत आणि शिक्षा टाळण्यासाठी पळही काढला नाही. समोरच्या माणसाच्या हाती शस्त्र नाही, हे जो डोळ्यांनी पाहतो त्याला ते न पाहिल्यासारखे वागता येत नाही, एवढीच त्यांच्या नकाराची व्याप्ती होती. गीतेच्या अकराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला केवळ निमित्त, म्हणजे ईश्वराच्या हातचे साधन, होण्यास सांगतात; ही कल्पना येथे उलट बाजूने मांडता येईल. परंतु निमित्त होण्यास सांगणारे श्रीकृष्णच अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुनाला पूर्ण विचार करून मग इच्छेप्रमाणे वागण्यास सांगतात, आणि असा विचार करणे करणाला शक्य नसते.

भारताच्या १९५० च्या सैन्य अधिनियमातील ४१ वे कलम अवज्ञेला शिक्षा सांगते, पण ती कायदेशीर हुकुमाच्या अवज्ञेला. हुकूम कायदेशीर आहे की नाही हे ओळखण्याची अपेक्षा त्या शब्दात गृहीत आहे, आणि ती सर्वांत कठीण क्षणी ज्याला पुरी करावी लागते तो बहुधा दोन किंवा तीन फितींचा माणूस असतो. म्हणून त्याच्या प्रशिक्षणात शस्त्र आणि कवायत यांच्या जोडीने विवेकालाही जागा देणे, हे शिस्तीशी विसंगत ठरत नाही. शौर्याच्या वेळी ज्याला कर्ता मानून गौरवायचे, त्याला विवेकाच्या वेळी करण ठरवण्याचा अधिकार कोणत्याही राज्यसंस्थेला नाही.