चहाच्या कपासाठी आभार

आजचं वचन : १ थेस्सलनीकाकरांस ५:१८



आजचं वचन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. सर्व स्थितीत देवाची उपकारस्तुती करा, असं पौल सांगतो. संडे स्कूलमध्ये ते घडाघडा म्हणून दाखवलं की पेन्सिल नाहीतर वही मिळायची. मग आयुष्यात एक दिवस असा येतो, की तेच वचन कोणीतरी आपल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवतं, खाली गुलाबाचा फोटो असतो, आणि फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटतो. माझ्यासाठी तो दिवस गेल्या वर्षी उगवला. आईला मातीत ठेवून तिसराच दिवस होता.

म्हणून आज तो प्रश्न सरळच विचारते. दुःखात आभार मानणं म्हणजे देवापुढे खोटं बोलणं नाही का?

उत्तर शोधताना मला सारखं सायखेडा आठवतं. निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी वसलेलं हे माझं आजोळ. वर नाशिककडे पाऊस कोसळला आणि धरणांतून पाणी सोडलं, की सायखेडा आणि चांदोरीच्या लोकांची झोप उडते. ४ ऑगस्ट २०१९ चा दिवस तसाच होता. रविवार होता, पण उपासना कसली नि काय कसलं! गावात पाणी शिरलं. आजी नातेवाइकांबरोबर उंचावरच्या घरी गेली, म्हणून जीव वाचला.

पाणी उतरल्यावर मी आणि आई पुण्याहून गेलो. पूर टीव्हीवर दिसतो, पण पुरानंतरचा वास टीव्हीवर येत नाही. घोटाभर चिखल, फुगलेले दरवाजे, सडलेला कांदा, धान्याच्या कोठीत गाळ. आजोबांचं पवित्र शास्त्र ओल्या विटेसारखं झालं होतं. त्याच्या पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू आजोबांनी शाईने लिहून ठेवले होते. शाई वाहून गेली होती. आजी त्या पानाकडे नुसती बघत बसली.

तेवढ्यात एक ओळखीचे गृहस्थ आले. दारातूनच म्हणाले, "देवाचे आभार माना, जीव तर वाचला! त्याची काहीतरी योजना असणार." माणूस वाईट नव्हता. पण आजीने मान खाली घातली आणि झाडू उचलला. ते गेल्यावर मला म्हणाली, "पोरी, बोलण्यापेक्षा एक घमेलं उचललं असतं तर बरं झालं असतं."

संध्याकाळी शेजारणीने चहा आणून दिला. आम्ही उलट्या ठेवलेल्या बादल्यांवर बसलो. आजीने डोळे मिटले आणि नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली : "प्रभू, घराचं वाटोळं झालं. ते मला आवडलं नाही, तुला ठाऊक आहे. या चहासाठी तुझे आभार. आणून देणारीला आशीर्वाद दे. आमेन."

मी तेव्हा हसू दाबलं होतं. आता वाटतं, आजचं वचन मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या बादलीवर बसून.

कारण पौलाचे शब्द नीट पाहिले, तर तो सर्व स्थितीत असताना आभार माना म्हणतो. त्या स्थितीबद्दलच आभार माना, असं या वचनात नाही. आणि हे पत्र तो कोणाला लिहितोय? थेस्सलनीकातली मंडळी नवी होती, छळ सोसत होती, आपल्यातली माणसं मरण पावली म्हणून गोंधळलेली होती. त्यांना तो शोक करूच नका असं सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढंच सांगतो (४:१३). शिवाय ५:१८ च्या आधी ५:१४ येतं. तिथे तो म्हणतो की ज्यांचा धीर खचलाय त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेने वागा. म्हणजे घमेलं आधी! चार वचनं गाळून एकदम उपकारस्तुतीवर उडी मारायची आणि तीही दुसऱ्याला मारायला लावायची, हा पौलाचा उपदेश नाही.

तुमच्यापैकी कोणीतरी लगेच इफिसकरांस ५:२० काढेल. तिथे सगळ्याबद्दल आभार मानायला सांगितलंय ना? हो, सांगितलंय. ते वचन मी खोडणार नाही. पण तोच पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना आपल्या आजारी मित्राचं, एपफ्रदीतचं, काय सांगतो ते बघा (२:२७). तो मरणाला टेकला होता, पण देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. किती साधी, माणसाची कबुली! मित्र गेला असता तर पौल त्याला गोड नाव देणार नव्हता. दुःखच म्हणणार होता. आणि हे त्याच पत्रात, ज्यात तो आनंद करा, पुन्हा आनंद करा असं सांगतो.

आता प्रभू येशूकडे पाहू. ज्या रात्री त्याला धरून दिलं जाणार होतं, त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. प्रभुभोजनाच्या वेळी आपण हे इतकं ऐकतो की त्यातला धक्काच निघून गेलाय. विश्वासघात करणारा त्याच मेजावर बसलेला. त्याला ते माहीत. तरी तो हातातल्या भाकरीबद्दल बापाचे आभार मानतो. आणि नंतर त्याच रात्री गेथशेमाने बागेत जमिनीवर पडून म्हणतो, शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून टळू दे. भाकरीबद्दल आभार आणि प्याल्याबद्दल विनवणी, दोन्ही एकाच तोंडून. यातलं कुठलंही खोटं नव्हतं. जो प्याला टळावा म्हणून पुत्राने स्वतः विनवलं, तो गोड आहे असं आपण म्हटलंच पाहिजे, अशी सक्ती बाप आपल्यावर का करील?

आजीच्या अंगणात त्या दिवशी शास्त्राशेजारी आणखी एक पुस्तक उन्हात वाळत होतं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई याच गोदावरीच्या लेकी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १० फेब्रुवारी १८९५ ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढली. पुढे त्याच्याकडे परत आल्या, तरी सोवळं-ओवळं लगेच सोडलं नाही. मन आपल्या चालीने बदललं आणि १९०० साली त्यांनी स्वतः ठरवून बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचली नसतील त्यांनी जरूर वाचा. बाई नवऱ्याचा तापटपणा लपवत नाहीत, लेकरं गमावल्याचं दुःख लपवत नाहीत, गरिबीही लपवत नाहीत. आणि तरी पानापानावर हसवतात. जे वाईट होतं त्याला त्या चांगलं म्हणत नाहीत. पण वाईटाच्या शेजारी जे चांगलं होतं, तेही विसरत नाहीत. उपकारस्तुतीचं मराठीतलं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि त्यांच्या गोष्टीतून मी आणखी एक शिकले. विश्वास काय आणि कृतज्ञता काय, कोणी दुसऱ्याने घाई करून येत नाही. माझी मी आभार मानू शकते. तुझ्याकडून ते वसूल करायचा अधिकार मला नाही.

आता आईचं. दफनविधीनंतर दोन आठवड्यांनी मी सायखेड्याला गेले. आजीची ती मोठी लेक. जेवायला बसलो आणि सवयीने आजीने डोळे मिटले. मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "आजी, आता कसले आभार मानतेस?"

ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती मला दिली होती ना, त्याचे मानते. नेली त्याचे नाही मानत. ते का केलं, हे मी त्याला इचारणार आहे. समोरासमोर."

मग तिने प्रार्थना केली. आईचं नाव घेऊन, तिच्या हातच्या मांडे-रश्शापर्यंत सगळं आठवून आभार मानले, आणि मध्येच रडली. आमेन म्हणून मला म्हणाली, "जेव, निवतंय."

त्या दिवशी माझं दुःख कमी झालं असं मी सांगणार नाही. पण इतके दिवस घशात अडकलेलं काहीतरी सुटलं. मला वाटत होतं की आभार मानायचे तर आईचं जाणं कबूल करून, ते बरोबरच झालं असं म्हणून सही करावी लागेल. ती सही देवाने मागितलीच नव्हती. फिलिप्पैकरांस ४:६-७ मध्ये विनंती आणि उपकारस्तुती एकत्र सांगितल्या आहेत, आणि त्यानंतर त्या शांतीचं वचन आहे, जी आपल्या समजुतीच्या पलीकडची आहे. समजल्यावर शांती मिळेल, असं तिथे म्हटलेलं नाही. मला अजून समजलेलं नाही. पण रात्री झोप लागते, आणि आईचा फोटो पाहून तोंड फिरवावंसं वाटत नाही.

आजोबांच्या शास्त्राचं ते पहिलं पान वाळलं, पण कोरंच राहिलं. आजीने आठवून आठवून सगळी नावं बॉलपेनने पुन्हा लिहिली. आईच्या नावापुढची दुसरी तारीख मात्र तिने माझ्याकडून लिहून घेतली. माझं अक्षर वाकडं आलंय.

आज कोणी दुःखात असेल, तर मोठे आभार मानायची गरज नाही. समोर जे खरंच चांगलं आहे, ते एकच बघ. चहा असेल, कोणाचा फोन असेल. आणि तुझ्या ओळखीत कोणी दुःखात असेल, तर आज त्याला वचन पाठवू नकोस. चहा घेऊन जा.

प्रार्थना : हे देवबापा, जे आम्हाला आवडलं नाही ते तुला सांगायचं धैर्य दे, आणि जे तू दिलंस ते आठवायची शक्ती दे. ज्यांच्या तोंडून आज आभार निघत नाहीत, त्यांच्याजवळ तू बसून राहा, आणि आम्हालाही तिथे बसव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.