अंबरनाथचें देऊळ आणि ख्रिस्ती कवि

बदलापूरकडील एका उपदेशक बंधूंनीं आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मुलानें अंबरनाथच्या प्राचीन शिवालयावर चार कडवीं रचलीं. तीं मंडळींत वाचून दाखविल्यावर दोन वडिलांनीं हरकत घेतली. एक म्हणाले, मूर्तीच्या घराची स्तुति ख्रिस्ती मुखांतून निघूं नये. दुसरे वयानें थोर. ते इतकेंच म्हणाले कीं, अशा देवळांच्या पायरीवर ज्यांच्या आज्यापणज्यांस पाऊल ठेवूं दिलें नाहीं, त्यांनीं त्यांचीं गाणीं गावीं कशाला? आतां मुलास काय सांगावें, असें बंधु विचारतात.

पहिल्या हरकतीचें उत्तर पवित्र शास्त्रांतच आहे. पौल अथेनै शहरीं आला तेव्हां मूर्तींनीं भरलेलें नगर पाहून तो मनांत संतप्त झाला, हें प्रेषितांच्या कृत्यांच्या 17व्या अध्यायांत आपण वाचतों. परंतु तो डोळे मिटून चालला नाहीं. त्या नगराच्या टेकडीवरील पार्थेनॉन नांवाचें संगमरवरी देऊळ तेव्हांच पांचशें वर्षांच्या घरांत आलेलें होतें. पौल हिंडला, त्यानें पूजेच्या वस्तु निरखून पाहिल्या, अज्ञात देवाच्या वेदीवरील अक्षरें वाचलीं, आणि अरीयपगांत बोलतांना ग्रीक कवींचाच आधार घेतला. मनुष्यें देवापासून जन्मलीं, अशा अर्थाचें जें वचन त्यानें घेतलें, तें अरातस कवीच्या काव्यांत झ्यूस या ग्रीक देवास उद्देशून आलेलें आहे. हा अरातस किलिकियाचा, म्हणजे पौलाच्याच प्रांतांतला. झ्यूसच्या कवीचें वचन घेऊन ज्यानें सुवार्ता सांगितली, त्यास आपण मूर्तिपूजक म्हणणार काय? आपल्याकडेही रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं 1895 सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर संतांच्या अभंगछंदांत ख्रिस्ताचे गुण गाइले. आज त्या छंदाची कोणास शंका येते?

तथापि एक भेद ध्यानांत ठेवावा. कीट्स नांवाचा तरुण इंग्रज कवि ग्रीस देशीं कधींच गेला नाहीं. लॉर्ड एल्गिन यानें पार्थेनॉनवरून काढून नेलेलीं शिल्पें ब्रिटिश सरकारनें 1816 सालीं विकत घेतलीं. तीं कीट्सनें 1817 सालीं लंडनमध्यें पाहिलीं आणि त्यांवर सुनीत लिहिलें. त्याचें काम सोपें होतें, कारण त्या शिल्पांपुढें कोणी हात जोडीत नव्हतें. अंबरनाथचें तसें नाहीं. शके 982, म्हणजे इ. स. 1060 सालचा शिलालेख असलेलें, शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचें हें देऊळ आजही जागतें आहे. महाशिवरात्रीस तेथें मोठी जत्रा भरते. त्यास पडकें अवशेष समजून गाणें हा शेजाऱ्याचा अपमान होय. आणि शेजाऱ्यास बरें वाटावें म्हणून मनांत नसलेली भक्ति शब्दांत आणणें, हें त्याहून वाईट.

दुसऱ्या वडिलांस मात्र इतक्या सहज उत्तर देतां येत नाहीं. त्यांचें बोलणें आम्ही दोन दिवस मनांत घोळवीत होतों. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारीं 1930 सालीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह करावा लागला. मुंबई प्रांतांत मंदिरप्रवेशाचा कायदा 1947 सालीं झाला. हें फार जुनें नव्हे. ज्याच्या घरांत ही आठवण आहे त्यास 'सौंदर्य पाहा' म्हणून सांगणें सोपें आहे, पण त्यांत दया नाहीं.

तरी त्यांनींही एक गोष्ट ऐकावी. अथेनैच्या त्याच टेकडीवर एरेक्थेऑन नांवाचें दुसरें देऊळ आहे. त्याच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सांपडले आहेत. त्यांत नागरिक, परके रहिवासी व गुलाम एकाच कामावर, एकाच मजुरीनें दिसतात. गुलामांचीं नांवेंही आहेत. सुमारें 2400 वर्षांनंतर तीं वाचतां येतात! त्या टेकडीवरील देवळांवर कितीतरी काव्यें झालीं; त्या नांवांवर किती झालीं? अंबरनाथच्या शिलालेखानें राजाचें नांव राखलें. परंतु तो काळा दगड खाणींतून काढणारे, डोक्यावर वाहणारे, छिन्नी चालविणारे, ते कोणाचे आजेपणजे होते?

देवळाची रचनाही पाहण्याजोगी आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखालीं, पायऱ्या उतरून जावें लागेल असा. पण कारागिरांनीं आपलें कसब ओतलें तें बाहेरच्या भिंतींवर. दार न ओलांडतांही दिसेल अशा जागीं, उन्हांत आणि पावसांत. 1868 सालीं मुंबई सरकारनें या कोरीव कामाचीं चित्रें व सांचे करविले, इतकें त्याचें मोल. (शेजारून वाहणारी वालधुनी नदी आज सांडपाण्यानें काळी झाली आहे. तो विषय निराळा, पण कवीनें तीही पाहावी.)

बंधूंनीं मुलास कवन फाडावयास सांगूं नये. त्या वृद्ध वडिलांस बरोबर देऊन एका सकाळीं त्यास पुन्हां तेथें पाठवावें. मुलानें भिंतींकडे पाहावें आणि वडील जें सांगतील तें ऐकावें. मग पांचवें कडवें लिहावें व तें आमच्याकडे धाडावें. आम्ही जागा राखून ठेवूं.