पराभवानंतरचे प्रेम

देशावर संकट कोसळले म्हणजे लोकांचे देशप्रेम जागे होते, असे आपण सहज म्हणून जातो. जागे होते म्हणजे आधी ते निजलेले होते, ही कबुली त्यातच आली. पण ती कुणाला झोंबत नाही.

१९६२ चेच पाहा. २० ऑक्टोबरला चीनने नेफा आणि लडाख ह्या दोन्ही आघाड्यांवर चढाई केली आणि २१ नोव्हेंबरला आपण होऊन युद्धबंदी जाहीर केली. तवांग, बोमडिला, चुशूल ही नावे त्या एका महिन्यात घरोघर पोहोचली. बायकांनी संरक्षण निधीत हातातल्या बांगड्या काढून दिल्या. जो मुलूख हातचा जाऊ लागला, तो आपला होता हे तेव्हा कळले! पेशाने मी शिक्षक; भूगोल शिकवायला पराभव लागावा, ह्याचे मला वाईट वाटते.

१८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे, सुमारे १६००० फूट उंचीवर, तेराव्या कुमाऊँ पलटणीची एक कंपनी मेजर शैतानसिंग ह्यांच्या हाताखाली लढली. आजच्या हरियाणातले, सपाट मुलखातले हे शेतकरी. अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, हातात जुन्या रायफली. शंभरावर जवान पडले. त्यांचे देह पुढच्या वर्षी सापडले, ते पुष्कळसे मोर्च्यांतच, गोठलेले. हे वाचताना ज्याचा गळा दाटून येत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. पण दाटलेल्या गळ्यातून प्रश्न फुटत नाहीत, हेही खरे. त्या युद्धातील पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स ह्यांचा अहवाल १९६३ साली तयार झाला. सरकारने तो अद्याप संपूर्ण खुला केलेला नाही, आणि आपणही तो फारसा नेटाने मागितला नाही.

दुःखाला राग काढायला जवळचे माणूस लागते. आसामात माकूम येथे चहाच्या मळ्यांमुळे वसलेली चिनी वंशाची कुटुंबे होती. पिढ्या इथे गेलेल्या, बोली असमिया, कित्येकांनी चीन पाहिलेलाही नाही. अशा सुमारे ३००० लोकांना आसाम-बंगालमधून उचलून आगगाडीने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. युद्ध महिन्यात आटोपले. ह्यांतल्या कित्येकांची कैद मात्र वर्षानुवर्षे चालली. मागे घरेदारे लिलावात गेली. बांगड्या देणारे लोक निराळे आणि हे मुकाट्याने पाहणारे निराळे, असे मला म्हणता येत नाही. ते एकच होते, आणि दोन्ही वेळा त्यांना आपण देशासाठीच वागतो आहोत असे वाटत होते.

नववीच्या वर्गात मी रेझांग ला सांगितले तेव्हा वर्ग स्तब्ध झाला. देवळी सांगितली तेव्हा चुळबूळ सुरू झाली. ‘सर, पण ते चिनीच होते ना?’ एक मुलगा म्हणाला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, त्यांत आमच्याएवढी मुले होती का?

होती, मी म्हणालो.