ज्याचा निवाडा, त्याचे मत

म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत बोल न फुटलेली बालके घेऊन आईबाप दूरदूरच्या प्रांतांतून येतात. त्यांतील काही बालके स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, ठरतात. “हे गर्भातच कळते तर!” असा उद्गार अशा वेळी एखाद्या पित्याच्या तोंडून निघणे अस्वाभाविक नव्हे. स्वमग्नतेचे निश्चित निदान करणारी गर्भपरीक्षा आज नाही. तिच्याशी शेकडो जनुकांचा संबंध आहे. तथापि अशी परीक्षा निघाल्यास तिचा उपयोग काय होईल, हे १९९४ साली गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा करावा लागलेल्या देशास सांगावयास नको.

या बाबतीत गृहस्थ वैद्यास विचारतो, ज्योतिष्यासही विचारतो. स्वमग्न मनुष्यास मात्र विचारीत नाही. इंग्लंडात २०२१ साली दहा हजार स्वमग्नांची जनुकीय माहिती जमविण्याचा प्रकल्प निघाला, तेव्हा स्वमग्नांनीच हरकत घेतली की, यातून आमच्यासारख्यांना जन्माआधीच वेचून काढण्याचे साधन घडेल. चालकांनी तो हेतू नाकारला. तरी काही आठवड्यांतच काम थांबवावे लागले. सर्व स्वमग्न एकमताचे नाहीत. गोंगाट, गर्दी कित्येकांना असह्य होते, आणि हा त्रास आपल्या अपत्यास नको, असे म्हणणारेही त्यांत आहेत. परंतु पुष्कळांचे म्हणणे असे की, स्वमग्नता हे अंगावरचे वस्त्र नव्हे; ती काढून घेतल्यावर तोच मनुष्य उरत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायातील आत्मौपम्य येथे कसोटीस लागते. पित्यास दिसणारे दुःख मुलाचे किती आणि लोकलज्जेचे किती? ‘माझ्यामागे याचे कोण?’ ही चिंता मात्र खरी. तिच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्थानिक समितीमार्फत पालक नेमण्याची सोय केली आहे, आणि तिला गर्भपरीक्षा लागत नाही.