कर्नाळ्यावरचा उजेड
पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा अंगठा दिसतो. या सुळक्यावर प्रोजेक्शन मॅपिंग करावं, असं आम्हालाही वाटतं. दगडाचा खाचखळगा मोजून चित्र तसं वळवायचं, की कातळ बोलू लागतो. डिस्नेलँडमध्ये १९६९ साली पुतळ्यांवर गाणाऱ्या चेहऱ्यांची फिल्म टाकून हेच केलं होतं.

पण कातळाच्या तोंडी शब्द कोण घालणार? हा किल्ला निजामशाहीकडे होता, पोर्तुगीजांकडे होता. १६५७ साली शिवरायांनी घेतला. निजामशाही आमची, असं आम्ही म्हणत नाही. मात्र तिचं पान गाळलं, तर गाळणाऱ्याच्या मनात आम्हीच असतो.

ते पान मागावं, तर खाली १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं रात्री झोत टाकावा का, हे आमच्या पानासाठीही आम्हाला ठरवता येत नाही.